करकपातीने राज्याची अर्थव्यवस्था वाढते का?

प्रश्न: राज्याने आयकर घटवल्यास उद्योग वाढून बुडालेला महसूल भरून निघतो, हा युक्तिवाद कितपत टिकतो?

उत्तर १: अमेरिकेतील कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये आयकराचे दर घटवले आणि भागीदारीसारख्या व्यवसायांचे नफे करमुक्त केले, परंतु अपेक्षित वाढ झालीच नाही, तिजोरीला खिंडार पडले आणि २०१७ मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून कपातीचा बराचसा भाग रद्द केला.

उत्तर २: माझ्या मते खरी मेख खर्चात आहे. राज्यांना केंद्राप्रमाणे मनमानी तूट सोसता येत नसल्याने कात्री आधी रस्त्यांच्या निधीला लागते, आणि खड्ड्यांतून माल नेणाऱ्या कारखानदाराला वाचलेला कर डिझेल आणि टायरांवरच घालवावा लागतो.

प्रश्नकर्ता: मग शाळांवरील खर्चकपातीचा परिणाम तर आणखी उशिरा दिसेल.

उत्तर २: होय, निवडणुकीनंतर.