मदत हवी आहे: शस्त्रक्रियेनंतरचे आणि बाळंतपणातले मृत्यू मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, कोथरूडला राहते, संख्याशास्त्र शिकवते. माझी मावसबहीण आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात नर्स आहे. तिथले वर्षभराचे मृत्यू मोजायला मी तिला मदत करतेय आणि पार अडकलेय.

तिने वह्यांचे फोटो पाठवलेत. ऑपरेशन थिएटरची वही वेगळी, प्रसूती वॉर्डाची वेगळी, शवागाराची तिसरी. एका ओळीत सिझेरियन, वय २२, आणि शेवटचा रकाना कोरा. ती घरी गेली की वारली? ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

व्याख्या माहीत आहेत. मातामृत्यू गर्भारपणात आणि ते संपल्यापासून ४२ दिवसांपर्यंत धरतात, दर १ लाख जिवंत जन्मांमागे. शस्त्रक्रियेसाठी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये डिस्चार्जआधीचे मृत्यू धरले. म्हणजे टाके घालून घरी पाठवलेली बाई आठवड्याने जंतुसंसर्गाने गेली, तर शस्त्रक्रियेच्या आकड्यात ती नाहीच! सिझेरियननंतर वॉर्डातच वारलेली मात्र दोन्हीकडे येते.

सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलेलं कुणी आहे का इथे? एकच नाव तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर जुळवता कसं? कोरा रकाना 'जिवंत' धरायला माझं मन तयार नाही. आणि मोठ्या दवाखान्यात हलवलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे फोनवर विचारून नोंदवण्याची साधी पद्धत कुणी वापरली असेल, तर कृपया सविस्तर लिहा.