रोहितच्या कसोटी निरोपाचं मनोगत: काय ठेवू, काय काढू?

अजिंक्यतारा (सातारा)
रोहित शर्मानं 7 मे 2025 ला कसोटीतून निवृत्ती जाहीर केली. आमच्या मंडळाची टेनिस बॉल स्पर्धा मेअखेर आहे. फायनलच्या आधी त्याच्यासाठी निरोपाचं मनोगत वाचायचं ठरलंय आणि गेटवर 6 बाय 4 फुटांचा फ्लेक्स लागणार आहे. कच्च्या मसुद्यात वनडेतली 264 ची खेळी, पाच आयपीएल विजेतेपदं, टी20 वर्ल्डकप असं सगळंच आलंय, वाचायला आठ मिनिटं लागतात. वेळ चारच मिनिटं आहे. कप्तान म्हणून तो किती मोठा होता ते मनापासून सांगायचंय, पण आकडा एकही चुकायला नको. कुठल्या खेळ्या ठेवू?

नवा_चेंडू
264 आणि आयपीएल आधी काढा. निरोप कसोटीचा आहे. आंतरराष्ट्रीय टी20 तून तो 29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये वर्ल्डकप जिंकल्यावरच थांबला आणि वनडे अजून खेळतोय. ‘क्रिकेटला अलविदा’ असं लिहिलंत तर पहिलंच वाक्य चुकेल.

आकडे असे: 67 कसोटी, 4301 धावा, सरासरी 40.57, 12 शतकं, 18 अर्धशतकं. कप्तान म्हणून 24 कसोटी, त्यात 12 विजय, 9 पराभव, 3 अनिर्णित. हे सगळं माइकवर वाचू नका, मैदानात कुणाच्या कानात टिकत नाही. बोलताना 67 कसोटी आणि 12 शतकं बास, बाकीचे फ्लेक्सवर टाका.

मनोगताचा कणा 2019 ठेवा. नोव्हेंबर 2013 मध्ये कोलकात्याच्या ईडनवर पदार्पण. 5 बाद 83 अशी गत झाली असताना त्यानं 177 केल्या, अश्विनबरोबर सातव्या विकेटला 280 जोडल्या. पुढच्याच कसोटीत वानखेडेवर नाबाद 111. आणि तरीही पुढची सहा वर्षं संघात आत-बाहेर: ही दोन धरून 27 कसोटींत शतकं फक्त तीन. मग ऑक्टोबर 2019 ला विशाखापट्टणममध्ये पहिल्यांदा सलामीला उतरला आणि 176 व 127 केल्या. त्याच मालिकेत रांचीला 212. उरलेली नऊच्या नऊ शतकं सलामीवीर म्हणून आली.

बदललं काय, हे दोन वाक्यांत सांगा, कारण ऐकणारे सगळे खेळणारेच आहेत. आधी ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर हात अंगापासून लांब जायचे आणि कड लागायची. सलामीला आल्यावर तो चेंडू उशिरा, शरीराजवळ खेळायला लागला आणि बाहेरचा सोडून द्यायला लागला. 2021 ची इंग्लंडमधली ओव्हल कसोटी याचा पुरावा: 256 चेंडूंत 127, परदेशातलं पहिलं कसोटी शतक. शंभरी मात्र मोईन अलीला षटकार मारूनच पूर्ण केली! हा तपशील अजिबात गाळू नका.

लाँगऑफ
वरचं सगळं फलंदाजीचं झालं. कप्तानीसाठी एकच सामना घ्या, कानपूर 2024. बांगलादेशविरुद्ध पहिल्या दिवशी 35 षटकं झाली, दुसरा-तिसरा दिवस पूर्ण वाया. चौथ्या दिवशी बांगलादेश 233 ला आटोपलं. असा सामना कुणीही अनिर्णित धरून चालला असता. रोहितनं आपल्या पहिल्या दोन्ही चेंडूंवर षटकार मारले आणि संघाच्या पन्नास धावा तीन षटकांत झाल्या. तो स्वतः 11 चेंडूंत 23 करून गेला, पण मागच्यांनी तोच वेग धरला आणि 34.4 षटकांत 9 बाद 285 वर डाव घोषित झाला. पाचव्या दिवशी बांगलादेश 146 ला गुंडाळलं आणि सात विकेटनी जिंकलो. संघाला वेगानं खेळा म्हणायचं आणि आपली विकेट पणाला लावून आधी स्वतः खेळायचं, ही त्याची कप्तानी. यावर मिनिटभर द्या.

जागा उरली तर राजकोट 2024 घ्या: 3 बाद 33 वरून 131, जडेजाबरोबर 204 ची भागी.

पराभवही लिहा. न्यूझीलंडकडून घरच्या मैदानावर 0-3, बंगळूरला 46 सर्वबाद आणि सलग 18 मायदेशी मालिका जिंकण्याची साखळी त्या मालिकेत तुटली. बंगळूरला टॉस जिंकून बॅटिंग घेतली होती, खेळपट्टी ओळखण्यात आपण चुकलो हे त्यानं पत्रकारांसमोर सरळ कबूल केलं. पुढे ऑस्ट्रेलियात पाच डावांत 31 धावा झाल्यावर सिडनी कसोटीत तो स्वतः बाजूला बसला. हे वगळून केलेलं कौतुक क्रिकेट कळणाऱ्याला पोकळ लागतं. ठेवलंत तर माणूस दिसतो.

कृष्णाकाठ (सांगली)
आपल्या भागाचा एक दुवा जोडता येईल. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे पहिले भारतीय विजय हजारे, जन्म सांगलीचा, 1915. जानेवारी 1948, अ‍ॅडलेड, 116 आणि 145. भारताचा पहिला कसोटी विजयही त्यांच्याच कप्तानीत, फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध, एक डाव आणि 8 धावांनी. विशाखापट्टणमच्या दोन शतकांचा उल्लेख आला की तिथेच हे एक वाक्य घाला. वेगळा परिच्छेद केलात तर मनोगत भरकटेल.

अजिंक्यतारा (सातारा)
सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवात ईडन, मग विशाखापट्टणम आणि हजारे, ओव्हल, कानपूर, शेवटी न्यूझीलंड-सिडनी असा क्रम लावतो. शब्द किती ठेवू? आणि फ्लेक्सचं काय?

लाँगऑफ
मोकळ्या मैदानात माइकवर मिनिटाला शंभर शब्द धरा. टाळ्यांना जागा ठेवून 370 च्या आत बसवा.

फ्लेक्सला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो चालत नाही, दाबला जाऊन चेहरा फुटतो. 6 बाय 4 ला निदान 5000 बाय 3400 पिक्सेलचा फोटो हवा आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो वापरायची परवानगी आहे ना तेही बघा. मजकूर युनिकोडमध्ये द्याल आणि डिझायनर जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर जोडाक्षरं मोडतात. ‘सर्वबाद’मधला रफार आणि ‘शतकं’वरचा अनुस्वार प्रूफमध्ये डोळ्यांनी तपासा, मगच छपाईला सोडा. कसोटी कॅपचा क्रमांक 280 (म्हणजे भारताचा 280 वा कसोटीपटू) मोठा घ्या, निवृत्तीच्या पोस्टमध्ये त्यानं त्याच कॅपचा फोटो टाकला होता. गेट सार्वजनिक रस्त्यावर येत असेल तर नगरपालिकेची परवानगी आधी काढून ठेवा.