टाटा-मर्सिडीजच्या डिस्कवर जाम झालेले टायर कसे काढायचे?

बांधावरचा_ट्रक: आजोबांचा बॉनेटवाला टाटा-मर्सिडीज, जाळीवर तारा असलेला, म्हणजे 1969 च्या आधीचा. उसाच्या फेऱ्या थांबल्यापासून 14 वर्षं गोठ्यामागे उभा आहे. टायर 9.00-20. दोन बसलेत, चारांत अजून हवा आहे. लॉक रिंगा, म्हणजे टायर अडकवून ठेवणाऱ्या एका जागी चिरलेल्या लोखंडी कड्या, गंजून डिस्कशी (चाकाच्या लोखंडी रिमशी) एकजीव झाल्यात. गावातला पंक्चरवाला म्हणतो, "गॅसने तापवू, सुटेल." तापवू द्यावं का? टायर गेले तरी चालतील, डिस्क आणि रिंगा वाचायला हव्यात.

हायवे_टायर: गॅस अजिबात नको दादा. हवा काढलेली असली तरी नको. डिस्क तापली की आतलं रबर जळून वायू तयार होतो, आणि तो पेटला की टायर बाँबसारखा फुटतो.

पहिलं काम चाक गाडीवर असतानाच करायचं. नटाला पाना लावायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढा. मागच्या जोडचाकात आतल्या टायरचीही, कारण आतली डिस्क तडकलेली असली तर बाहेरचे नट सैल होताच रिंग उडू शकते. फुसफुस थांबली म्हणजे हवा संपली असं समजू नका. जुन्या व्हॉल्व्हात गंज अडकतो. बाजूला उभं राहून आत तार घालून बघा.

मग नट सोडून चाक उतरवा आणि आडवं ठेवा, लॉक रिंग वर. आदल्या रात्री फटीत गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. साइड रिंग (टायरच्या कडेला टेकणारी, लॉक रिंगेने अडवलेली मोठी कडी) आणि टायरच्या मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून वीत-वीत सरकत टायर खाली दाबत जा. दोन-तीन फेऱ्या तरी लागतील. घाईत रिंगेवर घण घातलात तर वाकेल, मग ती कामाची नाही. टायर खाली गेला की साइड रिंगही दाबा, लॉक रिंग मोकळी होते. तिच्या चिरेजवळ खाच असते, तिथून एक टोक उचला आणि दुसरी टॉमी पुढे घाला. आपलं तोंड रिंगेवर आणू नका, ती उसळते. साइड रिंग उचलून काढली की चाक उलटं करून मागची बाजू सोडवायची.

चाळीसची_जीप: थोडं अवांतर. मिलिटरी जीपची दोन भागांची बोल्टवाली रिम असेल त्यांनी जपा. मधले 5 नट चाक ब्रेक ड्रमला धरणारे, बाहेरच्या वर्तुळातले 8 रिमचे दोन भाग धरणारे. हवा असताना त्या आठांना हात लावायचा नाही.

बांधावरचा_ट्रक: चार चाकं सुटली! तिसऱ्याचा व्हॉल्व्ह खरंच बुजलेला होता. पिन काढली तर आवाज नाही, तार घातली तर आधी तांबडं पाणी आणि मग पाच मिनिटं हवा. अंगावर काटा आला. फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) तर ट्यूबला असा चिकटलाय की दोन्ही एकच वाटतात. आता प्रश्न: एका लॉक रिंगेला बोटभर तडा आहे. वेल्डिंग करून चालेल?

हायवे_टायर: नाही. वेल्ड केलेल्या रिंगेवर मी हवा भरत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. त्याच डिस्कला बसणारी रिंग शोधा, दुसऱ्या मेकची घट्ट बसली तरी घेऊ नका. बाकीच्या रिंगांवर त्या-त्या डिस्कचा नंबर रंगाने टाका. आणि तडकलेली आधी कापा, मगच भंगारात द्या. अख्खी दिलीत तर कोणीतरी लावेल.