नकाशा कॅडमध्ये आणल्यावर शून्याजवळ सरकवायचा की नाही?

उभी_रेघ (धागाकर्ता)

जीआयएसमधली (नकाशांच्या सॉफ्टवेअरमधली) शेपफाइल, म्हणजे नकाशाची फाइल, कॅडमध्ये (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आली की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात. सगळं निवडायचं, मूव्ह मारायचा आणि शून्य-शून्यावर आणून टाकायचं. का, तर म्हणे 'आकडे फार मोठे येतात'. माझं मत स्पष्ट आहे: ही सवय मोडायला हवी.

यूटीएममधल्या (जगाचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीतल्या) बिंदूचे कोऑर्डिनेट पूर्व ४,८२,०००, उत्तर २०,४५,००० असे असतात. दिसायला अवजड, पण तोच त्याचा पत्ता. तो पुसला की ड्रॉइंगचं नुसतं चित्र होतं. रस्तावाल्याने एका कोपऱ्याला शून्य धरलेलं, नालेवाल्याने दुसऱ्याच, आणि पाइपलाइनची फाइल कुणीतरी नजरेने जुळवून बसवलेली. तिन्ही एक्सरेफ म्हणून (बाहेरून जोडलेल्या फाइली म्हणून) एकत्र लावायची वेळ येते तेव्हा खरी मजा. किती सरकवलं तो आकडा ड्रॉइंगमध्ये नसतोच. तो कुणाच्या तरी मेलमध्ये असतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

तेव्हा आयात करण्याआधी ड्रॉइंगला कोऑर्डिनेट सिस्टिम द्या, युनिट मीटर ठेवा आणि डेटा जिथे पडतो तिथेच राहू द्या. आकडे खुपत असतील तर यूसीएस (आपल्या सोयीचे वेगळे अक्ष) लावा.

गोल_गरगर

यूसीएस लावा म्हणणं सोपं आहे हो. त्याने फक्त वाचायचे आकडे बदलतात, भूमिती आहे तिथेच राहते.

डीडब्ल्यूजी, म्हणजे कॅडची फाइल, कोऑर्डिनेट डबल प्रिसिजनमध्ये साठवते, १५-१६ अंक मिळतात, म्हणजे फाइलचं काही बिघडत नाही. अडतं ते पडद्यावर. ग्राफिक्स कार्डाचं काम बहुतांशी सिंगल प्रिसिजनमध्ये चालतं, म्हणजे जेमतेम ७ अंक. २० लाख मीटरच्या आसपास सिंगल प्रिसिजनमधल्या दोन लगतच्या आकड्यांत साडेबारा सेंटिमीटरचं अंतर असतं. जे सॉफ्टवेअर आतल्या आत आकडे लहान करून कार्डाला देत नाही, त्यात ६० सेंटिमीटरच्या मॅनहोलच्या झाकणावर झूम करून बघा. वर्तुळाच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचं काहीतरी दिसतं, आणि मॉडेल फिरवलं की ते थरथरतं. हॅच (बंद जागा रेघांनी भरणारी कमांड) हद्द सापडत नाही म्हणून अडून बसतो तो वेगळाच. इमारतीचं मॉडेल करणाऱ्याने हे सोसायचं का, तर म्हणे पत्ता जपायचाय!

तिरपा_स्केल

धागाकर्त्याला +१. सरकवणारे तेवढ्यावर थांबत नाहीत, शीटवर आडवं बसत नाही म्हणून अख्खं ड्रॉइंग फिरवतातसुद्धा. व्ह्यू ट्विस्ट (ड्रॉइंग न हलवता फक्त दृश्य फिरवणं) नावाची सोय त्यासाठीच आहे, पण लक्षात कोण घेतो.

उभी_रेघ

@गोल_गरगर, थरथर खरी आहे, नाकारत नाही. पण ती थ्रीडी मॉडेलवाल्याची अडचण आहे. त्याने आपली प्रत सरकवावी, मूळ फाइल कशाला? रेव्हिटमध्ये (इमारतीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये) शेअर्ड कोऑर्डिनेट आहेत ते याचसाठी. मॉडेल आतल्या शून्याजवळ राहतं आणि खरी जागा सर्व्हे पॉइंटला बांधलेली असते.

लेयर_शून्य

'डेटा जिथे पडतो तिथेच' म्हणजे नक्की कुठे? इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा निम्म्या वेळा अक्षांश-रेखांशांत असतो. जिओजेसन (नकाशाचा आणखी एक फाइल-प्रकार) तर नियमानेच डब्ल्यूजीएस ८४ च्या, म्हणजे जीपीएसच्या पद्धतीच्या, अंशांत. तो तसाच मीटरच्या ड्रॉइंगमध्ये आणला की अख्खं गाव ०.१ युनिटमध्ये मावतं आणि लोक विचारतात, इंपोर्ट झालंच नाही का?

त्याहून वाईट म्हणजे वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशांचं प्रोजेक्शन. आकडे मीटरसारखे दिसतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही. पण त्यातली लांबी अक्षांशाबरोबर फुगत जाते: २० अंशांवर सुमारे साडेसहा टक्के, ६० अंशांवर थेट दुप्पट. शंभर मीटरची भिंत १०६ मीटरची निघाली तर तो पत्ता जपून काय करायचं?

उभी_रेघ

म्हणून रूपांतर जीआयएसमध्येच उरकायचं. आणि रूपांतर म्हणजे रूपांतर. नुसतं लेबल बदलून यूटीएम म्हटल्याने आकडे हलत नाहीत, ही गल्लत फार होते.

साखळी_आणि_खांब

मी मोजणीच्या बाजूचा. तुम्ही दोघंही ज्यावर भांडताय त्यापेक्षा मोठा घोळ पुढे आहे.

यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर (पट्ट्याच्या मधल्या रेघेवर) स्केल फॅक्टर, म्हणजे नकाशातली लांबी भागिले खरी लांबी, ०.९९९६ असतो. म्हणजे जमिनीवर टेपने मोजलेला एक किलोमीटर नकाशात ९९९.६० मीटर भरतो, ४० सेंटिमीटर गायब. जागा समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंच असेल तर आणखी नऊएक सेंटिमीटर जातात. मध्य रेखावृत्तापासून साधारण १८० किलोमीटरवर हा फॅक्टर १ होतो आणि पुढे उलट बाजूला वाढतो. पुलाचे गर्डर कारखान्यात जमिनीच्या लांबीने बनतात, ग्रिडच्या (नकाशातल्या) नाही.

मग कुणीतरी हुशारी करतो आणि ड्रॉइंग १.०००४ ने स्केल करतो, तेही शून्याला आधार धरून. २० लाख मीटर उत्तरेचा बिंदू तिथल्या तिथे ८०० मीटर सरकतो! आकडे मात्र अजूनही अस्सल यूटीएमसारखेच दिसतात. पुढचा माणूस ते जीपीएसमध्ये भरतो आणि भलत्याच शेतात जाऊन उभा राहतो. अशा वेळी मी स्वतः पुढचे अंक छाटतो. ४,८२,००० चे २,००० आणि २०,४५,००० चे ५,००० केले की हे ग्रिडचे आकडे नाहीत हे बघताक्षणी कळतं. तेव्हा धागाकर्त्याचा नियम सरसकट मान्य नाही. जमिनीच्या लांबीवर काम असेल तर सरकवणंच जास्त सुरक्षित.

नकाशेबाज

दोन्ही साधायचं असेल तर त्या जागेपुरतं स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर (यूटीएम ज्यावर बेतलंय ते प्रोजेक्शन) बनवा की. मध्य रेखावृत्त जागेवरून घ्या, स्केल फॅक्टर उंचीनुसार १ च्या किंचित वर ठेवा, फॉल्स ईस्टिंग-नॉर्दिंग (मूळ बिंदूला द्यायचे पूर्व-उत्तर आकडे) आटोपशीर धरा. आकडे लहान, लांबी जमिनीची, आणि हवं तेव्हा गणिताने परत जगाच्या नकाशावर जाता येतं. क्यूजीआयएसमध्ये अशी सिस्टिम बनवणं म्हणजे पाच मिनिटांचं काम.

गोल_गरगर

आणि ती व्याख्या पुढच्या माणसाच्या कॅडमध्ये कोण भरणार? शेपफाइलबरोबर कोऑर्डिनेट सिस्टिम सांगणारी पीआरजे फाइल जाते (म्हणजे जायला हवी, झिप करताना तीच गळते). डीएक्सएफमधून (कॅडच्या देवाणघेवाणीच्या फाइलमधून) ती माहिती पलीकडे पोहोचेलच याची खात्री नाही.

नकाशेबाज

टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या माहितीच्या चौकटीत) लिहा. चार ओळी आहेत.

गोल_गरगर

टायटल ब्लॉकमध्ये चार ओळी मावतात तर माझा ऑफसेट (किती सरकवलं तो आकडा) एका ओळीत मावेल. मग धागाकर्त्याची तक्रार सरकवण्याबद्दल आहे की न लिहिण्याबद्दल?

उभी_रेघ

सरकवण्याबद्दलच. लिहिलेला ऑफसेट माणूस वाचतो, एक्सरेफ वाचत नाही. दहा फाइली लावताना दहा वेळा हाताने आकडा घालायचा, म्हणजे दहा वेळा चुकायची संधी. साखळीसाहेबांचा मुद्दा मात्र घेतो. स्केल केलेल्या ड्रॉइंगने यूटीएमचे कपडे घालून फिरू नये. बाकी सपाट टूडी आराखड्यांसाठी माझं मत आहे तिथेच.

साखळी_आणि_खांब

ऑफसेट लिहाल तेव्हा वजा की अधिक तेही लिहा, आणि खुणेच्या एका खांबाचे दोन्ही कोऑर्डिनेट शेजारी द्या, जुने आणि नवे. एवढं असलं तर निदान पडताळून तरी बघता येतं.