मदत हवी आहे: वजनकाट्याची लॉग फाइल टेलिग्राफ वाचतोय, पण ग्राफानामध्ये सकाळभर आलेख कोरा

काटाघर_यवतमाळ:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) मी वजनकाट्याचा कॉम्प्युटर सांभाळतो. सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) झालं, पहिला वेचा घरात आला की आमच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. मागच्या हंगामात भर दुपारी काट्याचा प्रोग्राम अडकायचा. भरलेली गाडी काट्यावर उभी आणि स्क्रीनवरचा आकडा हलेना. एकदा तर आधीच्याच गाडीचं वजन पावतीवर छापून आलं. शेतकऱ्याने तिथल्या तिथे पाहिलं म्हणून दुरुस्त झालं, नाहीतर तो तसाच घरी गेला असता. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. २० किलोचा फरक म्हणजे १,६२२ रुपये. वेचणीची मजुरी देऊन आलेल्या माणसाला ही रक्कम लहान नाही, म्हणून हे मला या हंगामात काहीही करून थांबवायचं आहे.

प्रोग्राम रोजची एक लॉग फाइल लिहितो. आधी तारीख-वेळ, मग गाडीचं वजन किंवा एरर. उन्हाळ्यात बसून जुन्या फायली ओळ न् ओळ वाचल्या. काटा अडकायच्या आधी तास-दीड तास ‘पोर्ट टाइमआउट’च्या, म्हणजे काट्याकडून आकडा वेळेत न आल्याच्या ओळी वाढत जातात. म्हणजे लॉग आधीच सांगत असतो, पाहणारं कोणी नसतं. दहा मिनिटांत अशा ओळी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की मला फोनवर कळलं पाहिजे.

त्यासाठी त्याच विंडोज मशीनवर टेलिग्राफ टाकला, म्हणजे लॉग वाचून नोंदी पुढे पाठवणारा प्रोग्राम. त्यात फाइलमध्ये पडणाऱ्या नव्या ओळी वाचणारं टेल इनपुट आहे, फाइल बदलल्याचं कळवणारं आयनोटिफाय विंडोजवर चालत नाही म्हणून वॉच मेथड ‘पोल’ (थोड्या थोड्या वेळाने फाइल तपासणं) ठेवली, ओळीतून वेळ, वजन वेगळं काढायला ग्रोक पॅटर्न. तारखेचा नमुना दिवस-महिना-वर्ष असा लिहून दोन दिवस वाया घालवले. मग समजलं की तिथे गो या प्रोग्रामिंग भाषेची ठरलेली तारीखच लिहावी लागते, २ जानेवारी २००६, १५:०४:०५, आपल्या लॉगच्या मांडणीत. ते जमलं. पुढे नोंदी साठवायला इन्फ्लक्सडीबी आणि आलेख दाखवायला ग्राफाना, सगळं याच मशीनवर.

आता अडचण. टेलिग्राफ एकही एरर देत नाही, पण सकाळी आलेख कोरा. काटा नऊला सुरू होतो, रेषा दुपारी अडीचला उगवते. संध्याकाळी सातला काटा बंद करून घरी जातो, तरी रेषा रात्री साडेबारापर्यंत चालू! घरून मोबाइलवर पाहिलं तेव्हा वाटलं, कोणी रात्री काटा चालवतंय की काय. मशीनचं घड्याळ बरोबर आहे, दोनदा तपासलं. काय चुकतंय?

नोंदवही:

भाऊ, तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. नऊ ते अडीच, सात ते साडेबारा. दोन्हीकडे बरोबर साडेपाच तास. तुमच्या लॉगमधल्या वेळेला टाइमझोन लिहिलेला नाही आणि तसा नसला की ग्रोक ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतो. सकाळी नऊची ओळ डेटाबेसमध्ये दुपारी अडीचची म्हणून जाते. ग्राफाना ‘आत्ता’पर्यंतचंच दाखवतो, त्यामुळे पुढच्या वेळेच्या नोंदी तोवर दिसत नाहीत. टेल इनपुटमध्ये ग्रोकची टाइमझोन सेटिंग रिकामी असेल, तिथे ‘लोकल’ लिहा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

तपासताना टेलिग्राफचं नुसतं टेस्ट चालवू नका. टेल हे सतत ऐकत राहणारं इनपुट आहे, त्यामुळे टेस्ट लगेच संपतं आणि काहीच छापत नाही. टेस्ट-वेट हा पर्याय देऊन तीसेक सेकंद थांबू द्या, तेवढ्यात लॉगमध्ये एक ओळ पडू द्या.

आणखी एक. लाइट गेली की तुमच्याकडे सगळंच बंद पडत असेल. परत सुरू होताना टेलिग्राफ मूळ सेटिंगप्रमाणे फाइलच्या शेवटापासून वाचतो. काट्याचा प्रोग्राम आधी उठला तर मधल्या ओळी गेल्या. एजंटच्या सेटिंगमध्ये स्टेटफाइल द्या, म्हणजे कुठपर्यंत वाचलं ते त्याला आठवतं. अर्थात, अचानक करंट गेला तर ती फाइल लिहायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून छोटा यूपीएस लावाच.

हिंगणघाटकर:

आलेखाचं मला कळत नाही, पण काट्याचं कळते. भाऊ, इंडिकेटरपासून (काट्याचा आकडा दाखवणारा डबा) कॉम्प्युटरपर्यंत वायर किती लांब हाय? आणि मोटरच्या केबलसोबत एकाच नळीतून तर नाही ना नेली? आरएस-२३२ ची, म्हणजे काटा कॉम्प्युटरला जोडायची ही वायर १५ मीटरच्या आत पाहिजे. दुपारी सगळ्या जिन चालू झाल्या की टाइमआउट वाढत असतील, तर मी पहिले वायर पाहीन.

काटाघर_यवतमाळ:

नोंदवही, ‘लोकल’ लिहिलं आणि आज नऊ वाजून दहा मिनिटांनी रेषा आली. खूप खूप आभार. स्टेटफाइलही दिली. यूपीएससाठी मालकांशी बोललो, हो म्हणाले.

हिंगणघाटकर दादा, टेप घेऊन मोजलं. २२ मीटर भरली, आणि अर्धी वायर प्रेसच्या (गाठी दाबायचं मशीन) मोटरच्या केबलला बांधलेली. आता वेळ बरोबर दिसते म्हणून आजचा आलेख नीट पाहिला. सकाळी टाइमआउट जवळजवळ नाहीत, अकराला प्रेस सुरू झाल्यावर वाढले, जेवणाच्या सुट्टीत खाली आले. रविवारी काटा बंद असतो. त्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून वायर वेगळ्या नळीतून नेतो. अंतर १५ मीटरच्या आत बसवायला कॉम्प्युटरचं टेबल काट्याकडच्या खिडकीशी आणावं लागेल, ते माझं मी सरकवतो. सोमवारचा आलेख इथेच टाकतो, तोवर धागा बंद करू नका.