मनगटातून अँजिओग्राफी झाली, आता नाडी लागत नाही

सातारकर: बाबांची परवा उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली, स्टेंट नाही टाकला, पण आज अंगठ्याच्या बाजूची नाडी हाताला लागतच नाहीये, हात गरम आहे, बोटं हलतात, दुखत नाही. गुठळी झाली असेल का?

कॅथलॅब सिस्टर: असू शकते. रेडियल धमनी, म्हणजे अंगठ्याच्या बाजूची जिथून नळी घालतात ती, बंद होणं हा यातला माहितीतला त्रास आहे, म्हणूनच प्रोसिजरमध्ये हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात आणि नंतर मनगटाला बांधायचा पट्टा रक्त थांबेल पण नाडी चालू राहील इतपतच घट्ट ठेवायचा असतो, फार आवळला की गुठळीची शक्यता वाढते. हाताला करंगळीकडून अल्नर धमनीही रक्त देते त्यामुळे बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. तरी उद्यावर ढकलू नका हो, आजच कार्डिओलॉजिस्टना फोन करा, डॉपलर म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी केली की कळतं. लवकर कळलं तर रक्त पातळ करायच्या औषधाने धमनी पुन्हा उघडू शकते.

मीनाताई: आणि बोटं गार, निळी, बधिर पडली किंवा हात दुखायला लागला तर फोनबिन नको, सरळ इमर्जन्सीत न्या. मनगट चोळू नका, गोळ्या मनाने बंद करू नका.

सातारकर: फोन केला, संध्याकाळी डॉपलरला बोलावलंय. खूप आभार दोघींचे.