हवरामी, अवेस्ता आणि ‘बरा’

हवरामी ही इराण-इराक सीमेवरच्या डोंगराळ भागातली इराणी कुळातली भाषा. तिच्यात शब्दांच्या सुरुवातीचे य आणि व टिकलेत म्हणून ती थेट अवेस्ताची, म्हणजे पारशी धर्मग्रंथांच्या प्राचीन भाषेची, लेक, असा एक दावा केला जातो. पुरावे खरेच आहेत, निष्कर्ष मात्र पटत नाही. फारसीत जव म्हणजे ‘जौ’, हवरामीत ‘यवा’, अवेस्तात ‘यव’, वारा फारसीत ‘बाद’ आणि हवरामीत ‘वा’, पाऊस तिकडे ‘बारान’ इकडे ‘वारान’, हे सगळं मान्य. पण इथे बदललीये ती फारसी, हवरामी नुसती जागेवर राहिली, आणि जागेवर राहिलेल्या दोन भाषा मायलेकीच असतात असं थोडंच आहे? संस्कृतातही ‘यव’च आहे की, आणि आपण प्राकृतातून येताना त्याचा ‘जव’ केला, फारसीशी काही संबंध नसताना.

नातं शोधायचं तर दोघींनी मिळून केलेला बदल बघावा लागतो. दाराचंच घ्या. अवेस्तात ‘द्वर’, फारसीने व टाकला आणि ‘दर’ ठेवलं, हवरामीने द टाकून ‘बरा’ केलं, आणि पार्थियनमध्येही, म्हणजे वायव्य इराणी गटातल्या एका जुन्या भाषेतही, ‘बर’च आहे! म्हणजे ओढ वायव्येकडच्या इराणी भाषांकडे दिसते. (मराठीत दोन्ही वाटा आहेत, ‘द्वार’चं दार पण ‘द्वादश’चं बारा.) मला स्वतःला ध्वनींपेक्षा व्याकरण जास्त मोलाचं वाटतं, शेजारच्या सोरानी कुर्दीत लिंगभेद जवळपास गेला, हवरामीत नामाला अजून पुल्लिंग-स्त्रीलिंग आहे, त्यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.